सांभाळण्याचेही दाम मोजा



म्हातारा जेवून उठतो आणि "मला कोणी जेवायलाच दिले नाही" म्हणतो. मळ्यातून घरी यायची वाट विसरतो. गावात म्हणतात, त्याला चळ लागला. हा चळ नव्हे, मेंदूचा आजार आहे. डॉक्टर त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या शंभरांत सातांहून अधिकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना तो असावा. शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त निघाले. तेव्हा हे बंगलेवाल्यांचे दुखणे आहे असे समजू नये.

हॉलंडमध्ये अशी माणसे दिवसभर शेतावर नेतात. सकाळी गाडी आणते, संध्याकाळी घरी सोडते. कोणी कोंबड्यांना दाणे टाकतो, कोणी भाजी निवडतो, कोणी अंगण झाडतो. काही करायचे नसेल तो गोठ्याशी बसून गाई बघतो. त्याला कोणी उठवत नाही. नावे, तारखा लवकर पुसल्या जातात, पण हाताला लागलेले काम बरेच दिवस टिकते. साध्या दिवसकेंद्रापेक्षा शेतावर ही माणसे जास्त हिंडतात-फिरतात, असे तिथल्या संशोधकांना दिसले. कृषी महाविद्यालयात आम्हाला एकरी उतारा मोजायला शिकवले. इथे अर्धी बादली वाटेत सांडली तरी चालते!

यावर कोणी म्हणेल, त्यात नवल काय, आमची म्हातारी माणसे जन्मभर शेतावरच असतात. असतात, पण कशी? विहिरीला कठडा नाही, खोपटात फवारणीच्या औषधाची बाटली उघडी, मोटारीच्या स्टार्टरला झाकण नाही. आणि लक्ष कोण ठेवणार? सून. ती घरी थांबली तर तिचा रोज बुडतो, कामावर गेली तर म्हाताऱ्याला बाहेरून कडी. हे प्रेम आटल्याचे लक्षण नाही, हातात पैसा नसल्याचे आहे.

हॉलंडच्या शेतकऱ्याला या कामाचे पैसे मिळतात, ही खरी गोष्ट. दीर्घकाळच्या सेवेसाठी तिथे सक्तीचा विमा आहे, आणि २०१५ पासून दिवसा सांभाळण्याची बरीचशी जबाबदारी नगरपालिकांवर आहे. अशी सेवा देणारी शेते, त्यांत इतर आजारांची व अपंग माणसे घेणारीही आली, १९९८ साली ७५च्या आसपास होती; २००९ पर्यंत हजारावर गेली. भूतदयेने एवढी शेते उभी राहत नसतात.

आपल्याकडे २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना पाच लाखांचे विमा कवच आहे, पण ते इस्पितळात दाखल झाल्यावर. या माणसाला खाट नको आहे, दिवसा सोबत हवी आहे. कृषिमूल्य आयोग घरच्या माणसांच्या श्रमाची मजुरी पिकाच्या खर्चात धरतो. ती किती धरतो हा वेगळा तंटा. सासऱ्यामागे गेलेला सुनेचा दिवस मात्र कोणत्याच रकान्यात नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे. पाच-सात घरांची अशी माणसे आठवड्यातून तीन दिवस एका कुंपण घातलेल्या वाडीत यावीत. औषधे कुलपात, विहीर झाकलेली, दोन शेळ्या, चार वाफे. सांभाळणाऱ्या बाईची मजुरी आणि वाडीचे भाडे सरकारने ग्रामपंचायतीमार्फत द्यावे. यासाठी आश्रम काढून जमीन मागणारे पुढे येतील, त्यांना दुरूनच नमस्कार. आणि म्हाताऱ्यांकडून फुकट निंदणी करून घेणारा शेतकरी निघाला, तर संघटनेने त्याचीही गय करू नये.

तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी पुढच्या जिल्हा बैठकीला येताना आपापल्या गावात अशी किती घरे आहेत आणि त्यांपायी किती जणींचा रोज बुडतो, हे लिहून आणावे. बायकांना विचारावे, पुरुषांना आकडा माहीत नसतो.