शिल्लक रजेचे देणे

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत मी यापूर्वी दोन वेळा लिहिले, आणि दोन्ही वेळा मधुमेहावर. यंदा विषय बदलतो आहे. हा विषय वैद्यकशास्त्राचा नसला, तरी बडोद्यात ज्यांचे स्वतःचे लहानमोठे रुग्णालय आहे, अशा आपल्यापैकी प्रत्येकाच्या दारातला आहे. नोकरी सोडून जाणाऱ्या माणसाच्या न घेतलेल्या रजेचे काय करायचे, हा तो विषय. माझे मत आरंभीच सांगतो : ती रजा हे आपल्यावरचे देणे आहे, आणि माणूस दाराबाहेर पडण्यापूर्वी ते चुकते केले पाहिजे. हे मत मला फार उशिरा सुचले, तेही घरच्या मंडळींनी टोकल्यानंतर.

२०१६ साली माझी पत्नी रेल्वेच्या रुग्णालयातून निवृत्त झाली. केंद्र सरकारच्या नोकरीत निवृत्तीच्या वेळी शिल्लक अर्जित रजेचा पगार रोख मिळतो. त्याची कमाल मर्यादा पूर्वी २४० दिवस होती, ती १९९७ मध्ये ३०० दिवसांवर गेली. पत्नीला पूर्ण ३०० दिवसांचे पैसे मिळाले. त्यासाठी तिला अर्जविनंत्या कराव्या लागल्या नाहीत. कागद वेळेवर हलला, रक्कम खात्यात जमा झाली, आणि त्या पैशांतून आम्ही घराचा वरचा मजला दुरुस्त करून घेतला.

त्याच वर्षी आमच्या नर्सिंग होममधील एक सिस्टर अकरा वर्षांच्या नोकरीनंतर सोडून गेल्या. यजमानांची सुरतेस बदली झाली होती. आम्ही निरोपाचा छोटा समारंभ केला. शाल, श्रीफळ, चांदीचे निरांजन, आणि माझे भाषण. 'अकरा वर्षांत सिस्टरांनी जवळजवळ रजाच घेतली नाही,' असे मी मोठ्या अभिमानाने सांगितले, आणि टाळ्याही झाल्या. रात्री जेवताना पत्नीने विचारले, "अहो, मग त्या रजेचे पैसे दिलेत का?" मी हसलो. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी मी जुने हजेरीपट काढून बसलो. रजेची नोंदवही अशी आमच्याकडे नव्हतीच. हजेरीपटात लाल शाईने 'ग. ह.' लिहिलेले दिवस मोजायचे, एवढाच मार्ग होता. शेवटच्या तीन वर्षांचेच कागद सापडले. कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा, हे कारखान्यांत तेव्हा रूढ असलेले माप लावले, तर वर्षाला पंधरा दिवस, म्हणजे तीन वर्षांत पंचेचाळीस दिवस रजा त्यांना देय होती. त्यांनी घेतली होती नऊ दिवस. उरले छत्तीस. त्यांचा पगार तेव्हा नऊ हजार रुपये होता. महिन्याचे सव्वीस कामाचे दिवस धरले, तर दिवसाला ३४६ रुपये, आणि छत्तीस दिवसांचे साडेबारा हजारांच्या आत. आधीच्या आठ वर्षांचा हिशेब करायला कागद नव्हते, आणि खरे सांगायचे तर ते नाहीत याचे मला त्या क्षणी थोडे बरेही वाटले.

पण हजेरीपटात मला आकड्यांपेक्षा निराळे काही दिसले. जानेवारीची पाने चाळताना दर वर्षी १४ आणि १५ तारखेला त्या हजर होत्या. उत्तरायणाच्या दोन दिवसांत आपल्या शहरात काय होते ते आपणांस सांगायला नको : मांज्याने कापलेले गळे आणि बोटे, गच्चीवरून पडलेली मुले. त्या दिवसांची रजा त्या दर वर्षी मागत, कारण माहेरी भावंडे जमत. मी दर वर्षी म्हणत असे, "सिस्टर, या वर्षी जमवून घ्या, पुढच्या वर्षी नक्की." नवरात्रातही तेच, बेसत्या वर्षालाही तेच. म्हणजे ती रजा त्यांनी साठवलेली नव्हती; मी नाकारलेली होती. आणि माझ्या नकाराला मी भाषणात त्यांची निष्ठा म्हटले होते.

मी धनादेश पाठवला. आठवड्याने त्यांचा फोन आला : "सर, आ शेना पैसा?" रजेचे, असे सांगितल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, रजा तर मी घेतलीच नव्हती. त्यांना वाटले, न घेतलेल्या रजेचे पैसे कुणी देत नसते. आमच्याकडच्या अकरा वर्षांनी त्यांना हेच शिकवले होते.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात अशी तरतूद होतीच की, कामगार नोकरी सोडून गेला किंवा त्याला काढले, तर शिल्लक रजेचा पगार दुसरा कामाचा दिवस संपण्यापूर्वी द्यावा. रुग्णालय म्हणजे कारखाना नव्हे, या आधारावर आपण निश्चिंत होतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२० लागू झाली, आणि तो आधार गेला. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत वर्षात १८० दिवस काम केलेल्यास वीस दिवसांमागे एक दिवस रजा, पुढील वर्षात ओढता येणारी शिल्लक तीस दिवसांपर्यंत, आणि नोकरी सुटल्यास तीच दोन कामाच्या दिवसांची मुदत. निवृत्ती किंवा मृत्यू झाल्यास मुदत दोन महिने, आणि पैसे वारसाला. यातले एक कलम मला विशेष महत्त्वाचे वाटते. कामगाराने रजा मागितली आणि ती नाकारली गेली, तर त्या रजेला तीस दिवसांची मर्यादा लागत नाही. माझी 'पुढच्या वर्षी नक्की' ही सवय कायद्याच्या भाषेत एवढी महाग आहे. अर्थात आपल्याकडे रजा तोंडी मागितली जाते आणि तोंडीच नाकारली जाते, त्यामुळे सिद्ध काहीच होत नाही. आपण त्याचा फायदा घ्यावा काय, हा प्रश्न न्यायालयाचा नाही.

न्यायालयांचे म्हणणे मात्र स्पष्ट आहे. २०१३ मध्ये झारखंड सरकारच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन आणि रजेचा पगार यांना मालमत्ता मानले, आणि कायद्याच्या आधाराशिवाय ती रोखता येणार नाही असे सांगितले. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका ग्रामीण बँकेचे प्रकरण होते. कर्मचाऱ्यांनी राजीनामा दिला, ते निवृत्त झाले नाहीत, म्हणून रजेचे पैसे नाहीत, असे बँकेचे म्हणणे. न्यायालयाने ते मानले नाही. राजीनामा दिला तरी कमावलेली रजा कमावलेलीच राहते.

हे सारे मी गेल्या कोजागिरीला मित्रमंडळींत बोललो, तेव्हा तीन आक्षेप आले. पहिला, पैसे कुठून आणायचे. यावर मी फार बोलणार नाही. विमा कंपनीने आपले कॅशलेसचे बिल तीन महिने अडकवले की आपण किती तळमळतो, ते प्रत्येकाने आठवावे. दुसरा, सिस्टर नोटीस न देता मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयात निघून जातात, त्यांना वर पैसे कशाला? नोटिशीचा हिशेब वेगळा आणि रजेचा वेगळा. एकाचा राग दुसऱ्यावर काढू नये. तिसरा आक्षेप एका शल्यचिकित्सक मित्राचा, आणि तो मला खरोखरच विचार करायला लावणारा वाटला. तो म्हणाला, पैसे मिळतात असे कळले की कुणी रजाच घेणार नाही. आणि विश्रांती न घेतलेली सिस्टर रात्री दोन वाजता काय करून बसेल, हे तू मधुमेहवाला चांगले जाणतोस.

जाणतो. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या बहुधा मिलिलिटरला ४० युनिटच्या, आणि कार्ट्रिज १०० युनिटचे. आमच्याकडे एका सिस्टरांनी ओळीने चौथ्या रात्रपाळीत १०० युनिटचे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये ओढले. तो डोस अडीच पट झाला असता. शेजारच्या पलंगावरील रुग्णाच्या मुलीने, जी स्वतः फार्मसी शिकत होती, सिरिंजचे लाल टोपण पाहून विचारले, म्हणून टळले. त्या सिस्टरांनी त्या महिन्यात दोनदा रजा मागितली होती. तेव्हा मित्राचा आक्षेप मान्य, पण त्यातून पैसे न देण्याची मुभा निघत नाही. त्यातून निघते ते एवढेच की रजा साचू देऊ नये. रजेची किंमत रोख मोजावी लागेल हे कळले, तर ती वेळेवर देण्याची बुद्धी मालकालाच आधी होईल. माझा तरी अनुभव तसा आहे.

आता आमच्याकडे प्रत्येकाचे एक रजापत्रक आहे, गुजरातीत छापलेले. एक प्रत त्यांच्याजवळ, एक आमच्याजवळ. मागितलेली तारीख, दिलेली तारीख, नाकारली असल्यास कारण आणि माझी सही. कर्मचारी सातच आहेत, म्हणजे कायद्याच्या दहांत आम्ही बसत नाही. तरी पत्रके ठेवली आहेत. ज्यांना नमुना हवा असेल त्यांनी मागावा, मंडळाच्या कार्यालयात दोन गठ्ठे ठेवले आहेत.

हा लेख लिहिण्यापूर्वी सातही पत्रके पाहिली. आयाबेनच्या पत्रकावर दिवाळीपासून एकही रजा नाही, आणि 'नाकारली' या रकान्यात माझ्या तीन सह्या आहेत. येत्या सोमवारपासून त्यांना आठ दिवसांसाठी गावी पाठवतो आहे. त्यांच्या जागी कोण, ते अजून ठरलेले नाही.