पळणारे आहेत, घड्याळ कुणाकडे आहे?

केनवड असो, रिसोड असो की मालेगाव. पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारी पोरं-पोरी दिसली की कशासाठी पळता, असं कुणी विचारत नाही. उत्तर ठरलेलं आहे: भरती. पोलीस भरतीला पोरांना 1600 मीटर, पोरींना 800 मीटर. जाहिरात निघाली की गर्दी वाढते, निकाल लागला की ओसरते. ज्याचं झालं तो ट्रेनिंगला जातो, ज्याचं नाही झालं तो बूट खुंटीला टांगतो. मधली दोन-तीन वर्षं तो किती वेगात पळत होता, हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं.

दोस्तहो, भारताची ऑलिम्पिकची वाट अशाच पळणाऱ्या पोरांपासून सुरू झाली, हे किती जणांना माहीत आहे?

साल 1919, गाव पुणे. डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धा होत्या आणि जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेले बरेच जण शेतात राबणारे. खाणं साधं, शास्त्रशुद्ध सराव म्हणजे काय याचा पत्ता नाही, युरोपातले नियम कधी कानावर पडलेले नाहीत. पण दोराबजींनी त्यांनी नोंदवलेल्या वेळा पाहिल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की या वेळा युरोप-अमेरिकेतल्या धावपटूंच्या शेजारी ठेवता येतील. त्यांनी मुंबईचे गव्हर्नर लॉइड यांच्याकडे शब्द टाकला, पैसा उभा केला आणि पुढच्याच वर्षी चार धावपटू आणि दोन पैलवान बेल्जियमला निघाले.

पहिल्या महायुद्धात बेल्जियमची धूळधाण झाली होती. 1916 चं बर्लिन ऑलिम्पिक त्याच युद्धाने गिळलं होतं. 1920 ची अँटवर्पची स्पर्धा ही युद्धानंतरची पहिली. पाच वर्तुळांचा झेंडा ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा तिथेच फडकला. जर्मनी आणि युद्धातल्या तिच्या साथीदारांना मात्र निमंत्रणच नव्हतं.

त्या मॅरेथॉनचं अंतर 42.75 किलोमीटर होतं. नेहमीपेक्षा जास्त, आणि वरून पाऊस. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले त्यात 19 वे आले. सदाशिव दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. कुस्तीत रणधीर शिंदे यांनी फेदरवेट गटात चौथा क्रमांक मिळवला. म्हणजे पदक एका कुस्तीने हुकलं. कुस्तीतलं ते पदक मग 1952 मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी आणलं. मध्ये 32 वर्षं गेली.

अँटवर्पहून पदक आलं नाही, पण एक गाडी रुळावर आली. 1924 मध्ये दिल्लीत अखिल भारतीय निवड स्पर्धा झाल्या, 1927 मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटना उभी राहिली आणि 1928 ला ॲमस्टरडॅममध्ये हॉकीचं पहिलं सुवर्ण आलं. बायकांना ॲथलेटिक्सचं दारही ॲमस्टरडॅमलाच पहिल्यांदा उघडलं. आपल्या धावपटू मुली त्या दारातून आत जायला मात्र 1952 उजाडलं. त्यात मुंबईची मेरी डिसूझा होती.

या काळाचं शेवटचं पान आपल्या वऱ्हाडाचं आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक जर्मनीला गेलं आणि त्याने कबड्डीसारखे आपले खेळ परदेशी लोकांपुढे करून दाखवले. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी 1914 मध्ये सुरू केलेली ही संस्था. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होतं, देश इंग्रजांचा होता. तरी अमरावतीतून बर्लिनला पथक जाऊ शकलं, कारण त्यामागे वीस-बावीस वर्षांचं रोजचं काम होतं. एका रात्रीत निवडलेली ती टीम नव्हती.

त्याच बर्लिनची काळी बाजूही सांगायला हवी. ग्रेटेल बर्गमन ही ज्यू मुलगी त्या उन्हाळ्यात 1.60 मीटर उंच उडी मारून जर्मन विक्रमाशी बरोबरी करते, आणि हिटलरच्या राजवटीत तिला संघातून वगळलं जातं. स्पर्धेत हंगेरीच्या इबोल्या चाकने सुवर्ण जिंकलं, तेही 1.60 वर बरोबरी झाल्यानंतरच्या जादा उडीत. बर्गमनवर अन्याय झाला हे आज आपण ठामपणे म्हणू शकतो, कारण तिच्या उडीचा आकडा लिहिलेला आहे. 2009 मध्ये जर्मन ॲथलेटिक्स संघटनेने तो विक्रम पुन्हा मान्य केला. नोंद नसती तर तिच्याकडे सांगायला नुसती आठवण उरली असती.

आता आपल्याकडे बघा. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 2024 ला पॅरिसमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावला. तिथवर पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. पण त्याची धाव ओळखली गेली ती लष्करात भरती झाल्यावर, तिथल्या स्पर्धांमध्ये. म्हणजे भरती झाली म्हणून तो सापडला. ज्यांची भरती अर्ध्या इंचाने किंवा दोन मार्कांनी हुकते, त्यांच्यातला पुढचा साबळे कोण शोधणार?

यावर ठरलेलं उत्तर येतं: आधी सुविधा द्या. मागणी रास्तच आहे. तालुक्याला 400 मीटरचा धड ट्रॅक असायलाच हवा, आणि पोरींना अंधारात डांबरी रस्त्यावर ट्रकच्या उजेडात पळावं लागू नये. पण सुविधा येईपर्यंत हात बांधून बसायचं काहीच कारण नाही. 1919 च्या पोरांकडे बूटसुद्धा धड नव्हते. त्यांच्याकडे होती ती एक मोजलेली शर्यत आणि वेळ लावणारा माणूस.

हे काम कॉलेज करू शकतं. महिन्यातून एक रविवार ठरवा. मैदानात टेप लावून चुन्याने फेरी आखा. 100, 800, 1600 आणि 5000 मीटर पळवा. फोनमधलं स्टॉपवॉच पुरतं, फक्त एकाऐवजी तिघांनी वेळ लावावी आणि मधली वेळ धरावी. नाव, तारीख, अंतर, वेळ, सगळं एका रजिस्टरमध्ये. मुलींची पानं पहिल्या दिवसापासून हवीत. क्रीडा शिक्षक नसेल तर तृतीय वर्षाच्या दोघांनी जबाबदारी घ्यावी. कॉलेजमध्ये नसलेल्या, शेतमजुरी करून पळणाऱ्या पोरांनाही बोलवा. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना जाताना मग संघ वशिल्याने किंवा अंदाजाने नाही, वहीतल्या वेळेवर निवडता येईल.

आणि ट्रॅक मागायला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे जाल, तेव्हा नुसतं निवेदन नेऊ नका. इतकी मुलं, इतक्या मुली, अमुक वेळात पळतात, हे वर्षभराचं रजिस्टर त्यांच्या टेबलावर ठेवा.