नाचणगावची लेखणी

सूर्योदयाचे वर्णन करा असे सांगितले की आमच्या वर्धा जिल्ह्यातील विद्यार्थी हटकून समुद्रातून सूर्य वर काढतो! अध्यापनाच्या काळात आम्ही तपासलेल्या कितीतरी वह्यांत हा समुद्र उसळत होता. ज्या मुलाने समुद्र कधी पाहिला नाही, त्याला नाचणगावच्या शिवारात, कपाशीच्या तासांवर उगवणारा सूर्य लिहिण्याजोगा का वाटू नये? मार्गदर्शक पुस्तकातील तयार निबंधाने त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, हेच त्याचे उत्तर होय.

शालेय लेखनाचे प्रकार म्हणजे गुण मिळविण्याचे निरनिराळे साचे नव्हेत. त्या मनाच्या वाढीच्या पायऱ्या आहेत. वर्णन लिहिताना मूल पाहावयास शिकते. पत्र लिहिताना वाचणारा कोण, याचे त्याला भान येते. वृत्तान्त लिहिताना पाहिलेले आणि ऐकलेले यांतील भेद कळतो. सारांश लिहिताना दुसऱ्याच्या म्हणण्याशी प्रामाणिक राहावे लागते. एवढे साधल्यावरच वैचारिक निबंधात स्वतःचे मत कारणांसह मांडता येते. खालची पायरी गाळली तर वरची डळमळते.

हा विचार या जिल्ह्याला नवा नाही. १९३७ साली वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन समितीने नयी तालीमची जी योजना मांडली, तीत मातृभाषेकडून अलंकारांची अपेक्षा नव्हती. मुलाला नित्याच्या घटना स्वच्छ व सुसंगत भाषेत सांगता याव्यात, गावातील सहकारी कार्याचा वृत्तान्त लिहिता यावा, घरगुती व व्यवहाराची साधी पत्रे लिहिता यावीत, अशी तिची मागणी होती. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेनेही ८० पैकी २४ गुण पत्र, सारांश, बातमी, कथा, निबंध अशा लेखनास दिले. तेव्हा उणीव प्रश्नपत्रिकेत नाही. पाठ केलेल्या उत्तरास पूर्ण गुण देणाऱ्या आमच्या सवयीत आहे.

ही बाब केवळ गुणांपुरती असती तर आम्ही येथे लेखणी उचलली नसती. उद्या याच मुलाला पीकविम्याची तक्रार लिहावयाची आहे, २००५ च्या कायद्यान्वये माहिती मागावयाची आहे, ग्रामसभेच्या इतिवृत्तात खरे तेच लिहिले गेले की नाही हे पाहावयाचे आहे. त्या वेळी समुद्रातील सूर्योदय त्याच्या काय कामी येणार? ज्याला आपले म्हणणे लिहिता येत नाही, त्याचे म्हणणे दुसराच लिहितो, आणि तो केवळ अंगठा उठवावा तशी सही करून मोकळा होतो.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींस आमची एकच विनंती आहे. आठवड्यातून एक पान मुलाने स्वतः पाहिलेल्या गोष्टीवर लिहावे, वर्गात वाचावे, आणि चुका कळल्यावर पुन्हा लिहून काढावे. ते ओबडधोबड असेल, असू द्यावे. मुलाच्या ओबडधोबड सत्याला उसन्या सौंदर्याहून एक गुण अधिक देण्याचे धैर्य शाळेने दाखवावे. लोकशाहीतील नागरिक त्याच एका गुणावर उभा राहतो.