‘चाललं’ म्हणजे ‘कळलं’ नव्हे

हिंजवडीत नव्या पोरांना क्लाउडवरची मेसेजिंग सेवा शिकवायची पद्धत ठरलेली आहे. ‘सुरुवात कशी करावी’ हे पान उघडायचं, त्यातल्या दहा-बारा ओळी कॉपी-पेस्ट करायच्या, स्क्रीनवर ‘हॅलो वर्ल्ड’ उमटलं की झालं शिक्षण! चहाला जाताना पोरगा सांगतो, "सर, पब-सब झालं माझं." झालं?? अरे, पत्रिका छापून आल्या म्हणून लग्न लागतं का?

मला या पद्धतीचा मनापासून राग आहे आणि आज तो इथे काढणार आहे.

आधी घरच्या मंडळींसाठी थोडं. हिंजवडीला सगळे पुणं म्हणत असले तरी तालुका मुळशी, तेव्हा उदाहरणही मुळशीचंच घेऊ. पाऊस चार महिन्यांत कोसळतो, पण खाली भिऱ्याच्या वीजघराला पाणी हिशेबाने लागतं. मध्ये धरण आहे म्हणून दोघांचं जमतं. तसंच एक प्रोग्रॅम मेसेज टाकत सुटतो, दुसरा आपल्या वेगाने उचलतो आणि मधलं धरण म्हणजे ही सेवा. गूगलचं पब-सब, अ‍ॅमेझॉनचं एसक्यूएस ही त्यातली नावाजलेली. क्लायंट लायब्ररी म्हणजे त्या धरणाचं दार उघडायचं तयार चाक. पायथॉन, जावा, गो, तुम्ही ज्या भाषेत लिहिता त्या भाषेत मिळतं.

चाक फिरवायला दहा ओळी पुरतात, कबूल. पण त्या ओळी काय काय झाकून ठेवतात ते कोण सांगणार?

पब-सबच्या पायथॉन लायब्ररीत ‘पब्लिश’ म्हटलं की हातात पोच येत नाही, ‘फ्यूचर’ येतं, म्हणजे पोच देण्याचा वायदा. त्याचा निकाल विचारलाच नाही, तर मेसेज गेला नाही हेही कळत नाही. घेणाऱ्याच्या बाजूला ‘अ‍ॅक’ द्यावा लागतो: मिळालं, काम झालं. त्याची मुदत मुळात 10 सेकंदांची. काम लांबलं तर लायब्ररी ती मुदत मागच्या मागे वाढवत राहते, म्हणून मुदत असते हेच पोरांना माहीत नसतं. अ‍ॅक पोचला नाही की तोच मेसेज पुन्हा येतो. सेवेचं मूळ वचन ‘किमान एकदा’ असं आहे, ‘एकदाच’ असं नाही. ‘एकदाच’ची सोय पब-सबमध्ये 2022 साली आली, तीही आपण होऊन चालू करावी लागते.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, ठेच लागली म्हणून सांगतोय. एका दूध संकलन केंद्रासाठी मी असंच दहा ओळींवर उभं केलेलं काम दिलं होतं. आठवडाभर झकास चाललं. मग एका पावसाळी सकाळी नोंद खात्यावर पडली आणि अ‍ॅक जायच्या आत नेटवर्क गेलं. मेसेज परत आला, नोंद परत पडली. 8 लिटरचे 16 झाले. दूध घालणारे काका स्वतःच सांगायला आले, "म्हैस एवढं देत असती तर अजून काय पाहिजे होतं?" सगळे हसले. मी नाही हसलो. कारण मी आधी अ‍ॅक आणि मग नोंद असं लिहिलं असतं, तर त्याच सकाळी त्यांचे 8 लिटर गायब झाले असते. मग "दूध घातलं होतं" हे त्यांचं म्हणणं कॉम्प्युटरपुढे कोणी ऐकलं असतं?

उपाय साधा होता. प्रत्येक नोंदीला केंद्राचा पावती क्रमांक जोडला. तो आधी येऊन गेला असेल तर नोंद सोडून द्यायची. सेवेने दिलेल्या मेसेज क्रमांकावर विसंबून चालत नाही, कारण पाठवणाऱ्यानेच दोनदा पाठवलं तर त्याला दोन वेगळे क्रमांक मिळतात.

"आधी उत्साह येऊ द्या हो, बाकीचं शिकतील हळूहळू," असं आमच्यातले जाणते म्हणतात. येऊ द्या की! दहा ओळी जरूर चालवा. पण त्याच दुपारी काम अर्धवट असताना प्रोग्रॅम बंद पाडा आणि मेसेज परत येताना डोळ्यांनी पहा. लॅपटॉपवर चालणारा एम्युलेटर आहे, खातं नको, पैसे नकोत. तासाभराचं काम आहे. तो तास वाचवला, तर तो दुसऱ्या कोणाच्या तरी पासबुकातून वसूल होतो.

असो. राग काढून झाला. तुमच्याकडे नव्या पोरांना कसं शिकवतात? जरूर लिहा. आणि आत्या, तुला धरणापर्यंतचं कळलं असेल तरी पुष्कळ झालं :)