जिभेचे चोचले

दिवाळी अंकात कर्करोगावर लिहू नये, असा आपल्याकडे एक अलिखित संकेत आहे. सण आहे, दिवे आहेत, पानोपानी फराळाचा घमघमाट आहे. त्यात हे अभद्र कशाला? संपादकांनी माझ्याकडे कथा मागितली होती. कथेऐवजी मी हे भांडण पाठवीत आहे. भांडण खाण्याचेच आहे, तेव्हा ते दिवाळीत अगदीच विशोभित दिसणार नाही, अशी माझी समजूत आहे.

मी पनवेलचा. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, धंदा मास्तरकीचा आणि नाद कादंबऱ्या लिहिण्याचा. वीस वर्षे तळहातावर चुना-तंबाखू मळली, हेही आधीच सांगून टाकतो. म्हणजे ते शोधून काढण्याचे श्रम कोणाला नकोत. दोन वर्षांपूर्वी घशात गाठ निघाली. श्रावणात 'शेक' सुरू झाले. रेडिएशनला आमच्याकडे शेक म्हणतात. जणू कोणी कंबरेला विटकरीच लावीत आहे! आठवड्यातून पाच दिवस हार्बरच्या गाडीने मुंबईस जायचे, मुखवटा घालून यंत्राखाली निजायचे आणि परत यायचे. असे तेहतीस दिवस.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी चहाचा घोट घेतला आणि बायकोवर खेकसलो, "साखर घालायला विसरलीस का?"

"अहो, दोन चमचे घातलीय," ती म्हणाली.

मी उठून स्वतः तिसरा चमचा घातला. मग चौथा. चहा तसाच; कोमट, कडवट, पितळी भांडे चाटल्यासारखा. तिने माझ्या कपातला घोट घेऊन पाहिला, तोंड वाकडे केले आणि काही न बोलता कप खाली ठेवला. त्या क्षणी आम्हा दोघांनाही कळले, की उणे साखरेत नाही. पुढे गणपती आले. उकडीचा मोदक तोंडात घातला तो ओली माती लागला. आणि गिळताना घशातून निखारा गेला.

यात दैवी कोप काही नव्हता. जिभेवर चव ओळखणाऱ्या कळ्या असतात. त्यांतील पेशी साधारण दहा दिवसांनी जुन्या होतात आणि नव्या येतात. किरण गाठीच्या पेशी मारतात, तशा याही मारतात. कानाखाली आणि जबड्याखाली लाळेच्या ग्रंथी असतात. त्या किरणांच्या वाटेत आल्या की आटतात. पदार्थ लाळेत विरघळल्यावाचून त्याची चव कळीपर्यंत पोचत नाही. म्हणजे दूतही मेला आणि वाटही कोरडी पडली! त्यातून घसा आतून सोलवटलेला. बहुतेकांची चव काही महिन्यांत, वर्षभरात हळूहळू परतते. काहींची पुरती परतत नाही. लाळेचे तर याहून अवघड.

एवढे मला कोणी आरंभी सांगितले असते, तर बायकोवर खेकसण्याचे पाप टळले असते. माझ्या हाती एक छापील कागद पडला. त्यावर लिहिले होते : सकस, प्रथिनयुक्त आहार घ्यावा. घ्यावा! समुद्रात पडलेल्याच्या हाती 'पोहावे' अशी चिठ्ठी द्यावी, तसा तो कागद.

पण माझे खरे भांडण कागदाशी नाही. ते आपल्या मनातल्या एका शब्दाशी आहे. तो शब्द म्हणजे चोचले.

शेक संपले. तपासणी झाली. गाठ गेली. घरी माणसांची रीघ लागली. "जीव वाचला, मास्तर! आता चवीचं काय घेऊन बसलात?" "मन घट्ट करा आणि खा." "तंबाखू खाताना गोड लागली, आता भोगा थोडं." आणि एक दिवस माझे जुने मुख्याध्यापक आले. सज्जन, खादीधारी, माझ्यावर पुत्रवत लोभ असलेले. ते म्हणाले, "अरे, तुला तर अस्वादव्रत घरबसल्या साधलं! जिभेचे चोचले सुटले, यासारखं भाग्य नाही."

मी मान डोलावली. गुरुजींपुढे उलट बोलण्याची आम्हाला शिकवण नाही. परंतु त्या रात्री झोप आली नाही, आणि तेव्हाचे उत्तर आज देतो.

अस्वाद हे व्रत मला परके नाही. शाळेत प्रार्थनेनंतर एकादश व्रते आम्ही रोज म्हटलेली आहेत. ती आम्हाला मराठीत देणारे विनोबा आमच्याच जिल्ह्यातले. १८९५ साली पेण तालुक्यातील गागोद्यास जन्मलेले. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी आश्रमवासीयांना व्रतांविषयी पत्रे लिहिली. अन्न औषधासारखे, चवीचा विचार न करता घ्यावे, असे त्यांचे सांगणे. थोर सांगणे आहे. पण गुरुजी, व्रत घेणाऱ्याच्या ताटात आधी चव असावी लागते. पुढ्यातला लाडू जो बाजूला सारतो, तो व्रती. ज्याच्या घरी दरोडा पडला त्याला आपण अपरिग्रही म्हणत नाही. पोलिसांत जा म्हणून सांगतो. माझी चव मी सोडली नाही, ती गेली. जे सुटले त्याचे पुण्य आणि जे हिरावले त्याचे दुःख, ही दोन्ही एकाच खात्यावर मांडायची हा कुठला हिशेब?

कोणी रामकृष्ण परमहंसांचा दाखला देतील. त्यांनाही घशाचा कर्करोग होता. त्यातच १८८६ साली काशीपूरच्या उद्यानगृहात त्यांनी देह ठेवला. घास उतरेना, तेव्हा शिष्यांनी आग्रह केला की देवीला सांगा, थोडे खाता येऊ दे. त्यांनी सांगितले आणि देवीने शिष्यांकडे बोट दाखविले, की इतक्या मुखांनी तू खातोसच ना? ही कथा मी वर्गात गहिवरून सांगत आलो आहे. पण नीट वाचली तर तिच्यात आणखी काही आहे. शिष्यांनी त्यांना "आपण तर विरक्त" म्हणून गप्प बसविले नाही. गुरूंनी दोन घास खावेत म्हणून ते तळमळले. परमहंसांचे उत्तर देण्याचा अधिकार परमहंसांचा. आपल्या वाट्याला आलेली भूमिका शिष्यांची आहे. आम्ही मात्र शिष्याची तळमळ टाकून देतो आणि परमहंसाचे उत्तर आजाऱ्याच्या तोंडात कोंबतो.

आणि हे कोंबणे निरुपद्रवी नसते. आमच्या बाकावर उरणकडचे एक गृहस्थ बसत. जन्म मिठागरात गेलेला, अंगाने काटक. चौथ्या आठवड्यात त्यांना पेजही उतरेना. नाकातून नळी घालून अन्न देण्याचे ठरत होते. घरच्यांनी नकार दिला. नळी म्हणजे शेवट, अशी त्यांची समजूत. "मन घट्ट करा" हेच त्यांनाही सांगण्यात आले. मन घट्ट होते हो; घसा घट्ट झाला होता! एक दिवस ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत. पुढे बाकावर त्यांची जागा दुसऱ्या कोणी घेतली. शेकांत खंड पडला की गाठीला पुन्हा डोके वर काढायला अवसर मिळतो. म्हणजे ज्याला आपण चोचला म्हणतो, त्या घासावर उपचाराचे यशही टांगलेले असते. नळी हा शेवट नव्हे. तो नदीवरचा तात्पुरता साकव आहे. फक्त नळी असली तरी दिवसातून थोडे गिळीत राहायचे असते, नाहीतर गिळणारे स्नायू आपले काम विसरतात.

विज्ञानाने हा विषय चोचला मानलेला नाही. लाळेच्या ग्रंथी वाचवून किरण देता येतील का, हे लोकांनी वर्षानुवर्षे तपासले. २०११ साली ब्रिटनमधील एका चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. जुन्या पद्धतीने किरण घेतलेल्यांपैकी वर्षानंतर शंभरातल्या ७४ जणांचे तोंड त्रासदायक कोरडे होते. ग्रंथी चुकवून किरण घेतलेल्यांत ३८ जणांचे. थुंकीसाठी एवढा खटाटोप! ज्यांनी तो केला त्यांना मी साष्टांग नमस्कार घालतो.

मग आमचे अडते कुठे? परळला टाटा रुग्णालय उघडले ते १९४१ साली. त्या काळी 'जगेल का?' हाच प्रश्न होता. आज कर्करोगाच्या संशोधनाचे आणि उपचाराचे मोठे केंद्र आमच्या पनवेल तालुक्यातच, खारघरला उभे आहे. आणि वेळेवर सापडलेल्या घशाच्या गाठीतून पुष्कळ माणसे वाचतात. वाचलेली माणसे वाढली, तसा प्रश्नही बदलला. जगलेल्याने जेवायचे कसे? घरी परतणाऱ्याच्या कार्डावर गाठ तपासण्याच्या तारखा असतात. त्याच कार्डावर आणखी चार रकाने असावेत, एवढीच माझी मागणी आहे : वजन किती, तोंड किती उघडते, काय गिळता येते, चव कशाची लागते. आणि गिळायला शिकविणारे, आहार समजावणारे माणूस तालुक्याच्या गावी असावे. आपल्या गावच्या सरकारी दवाखान्यात असे कोणी आहे का, हे वाचकांनी उद्याच विचारून पाहावे.

"तुमच्याच तंबाखूची फळे," असे म्हणणाऱ्यांशी माझा वाद नाही. फळे माझीच. २०१२ साली या राज्यात गुटख्यावर बंदी आली. तरी वर्गाच्या खिडकीखालच्या पुड्या मी अजून झाडून काढतो आणि प्रत्येक पुडीबरोबर मुलांना माझा घसा दाखवितो. परंतु अपराध्यालाही तुरुंगात भाकरी मिळते.

मला शेवटी वाचविले ते बायकोने. तिने उपदेश केला नाही, प्रयोग केले. मिठाचे आणि खाण्याच्या सोड्याचे पाणी गुळण्यांना. तिखट-आंबट बंद. मऊ भातावर तुपाची धार, पातळ वरण, अंडे फेटून केलेले मऊ पिठले. वालाचे बिरडे वाटून, नारळाच्या दुधात सैल करून. पाण्याचा तांब्या सदैव जवळ. आणि वहीत रोज एक ओळ : आज काय लागले, काय लागले नाही. कितीतरी पाने 'काही नाही' अशीच आहेत.

गेल्या पौषात शेजाऱ्यांनी पोपटी लावली. भांबुर्ड्याचा पाला, मडके, वालाच्या शेंगा, सभोवती जाळ. मी वासापुरता बसलो होतो. कोणीतरी हातावर शेंग ठेवली. दाणा चावला, आणि जिभेच्या कडेला मीठ लागले. नुसते मीठ! मग मागाहून, अगदी पुसट, ओवा. मी घरी येऊन वहीत लिहिले. बायकोने ते वाचले आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. आज खारट लागते, आंबट लागते. गोड अजून अर्ध्या वाटेवर आहे.

या दिवाळीत तुमच्याकडेही असा एखादा घसा भाजलेला पाहुणा येईल. त्याला चकलीचा आग्रह करू नका आणि विरक्तीचा उपदेशही करू नका. काही मऊसर वाढा, पाण्याचा पेला भरून ठेवा, आणि त्याला खायला अर्धा तास लागला तर अर्धा तास त्याच्याजवळ बसा. त्याचे खाऊन झाले की विचारा, "आज काय लागलं?"