दोन हर्लिही : एक करवही, एक पेटंट

ग्रंथालयाच्या सूचीत ‘डेव्हिड हर्लिही’ हे नाव शोधणारा वाचक क्षणभर गोंधळतो. एकीकडे मध्ययुगीन पिसा, कुटुंबसंस्था आणि युरोपातील महामारी, तर दुसरीकडे चक्क सायकल! हा एकाच लेखकाचा व्यासंग नव्हे. वडील डेव्हिड हर्लिही (१९३०–१९९१) हे मध्ययुगाचे अभ्यासक आणि पुत्र डेव्हिड व्ही. हर्लिही हे सायकलचे इतिहासकार. (आई पॅट्रिशिया हर्लिही यांनी ओडेसा शहराचा इतिहास लिहिला. घरातील जेवणाच्या गप्पा ऐकण्याजोग्या असणार.)

विषयांत एवढे अंतर असले तरी दोघांची पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. राजे आणि लढाया बाजूला सारून दोघांनीही सहसा कोणी न उघडणारे रुक्ष कागद साक्षीला उभे केले.

वडिलांचा कागद होता करवहीचा. १४२७ साली फ्लोरेन्सच्या प्रजासत्ताकाने करआकारणीसाठी आपल्या अंमलाखालील घरांची नोंद केली. हीच ‘कतास्तो’. सुमारे ६०,००० कुटुंबे आणि अडीच लाखांहून अधिक माणसे. त्यांची घरे, जमिनी, येणी-देणी, वये. क्रिस्तियान क्लापिश-झुबेर यांच्यासह हर्लिहींनी ही सारी माहिती संगणकात भरली आणि १९७८ साली त्यावरचा ग्रंथ फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला. फ्लोरेन्समधील मुलीचे लग्न साधारण अठराव्या वर्षी होई आणि पुरुषाचे तिशीच्या आसपास. या एका फरकातून तरुण विधवा, वयस्क पिते आणि लग्नासाठी दीर्घकाळ थांबलेले तरुण असे सारे शहर डोळ्यांपुढे उभे राहते. नोंदवहीत ३०, ४०, ५० अशा वयांची गर्दी आहे, कारण अनेकांना आपले नेमके वय ठाऊकच नव्हते. म्हणजे चुकीचा आकडासुद्धा पुरावा ठरतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हर्लिहींकडून एवढी एक गोष्ट घेतली तरी पुष्कळ झाले.

पुत्राच्या हाती लागले पेटंट. पायडलची सायकल पॅरिसच्या पियेर मिशो यांनी आणि त्यांचा मुलगा एर्नेस्त याने घडवली, असे दीर्घकाळ सांगितले गेले. १८९४ साली बार-ल-द्युक येथे त्यांचे स्मारकही उभारले गेले. परंतु पायडलच्या दुचाकीचे पहिले पेटंट २० नोव्हेंबर १८६६ रोजी अमेरिकेत नोंदले गेले, ते पियेर लालमाँ या फ्रेंच कारागिराच्या नावावर. त्याला कारखानदार मिळाला नाही. पुढे लाखोंचा धंदा इतरांनी केला आणि तो १८९१ साली बोस्टनमध्ये जवळजवळ अज्ञात अवस्थेत वारला. हर्लिहींनी त्याची बाजू चिकाटीने लावून धरली. आज बोस्टनमधील एका सायकलमार्गाला लालमाँचे नाव आहे.

‘जगातील पहिला’ या शब्दांची भुरळ ज्यांना पडते, त्यांनी हे प्रकरण सावकाश वाचावे. स्मारकाचा दगड हा पुरावा नव्हे. ते उभारणाऱ्यांच्या इच्छेचे ते चिन्ह असते. लिओनार्दो दा विंचीच्या कागदांत सायकलचे रेखाटन असल्याची बातमी १९७४ मध्ये जगभर गाजली. ते रेखाटन बनावट असल्याचे हान्स-एर्हार्ड लेसिंग यांनी १९९७ मध्ये मांडले. तरीही ते चित्र अजून फिरतेच आहे.

पुत्राच्या कामाला एक मर्यादा मात्र आहे आणि ती वडिलांच्या पुस्तकांशेजारी ठेवल्यावर अधिक ठळक दिसते. २००४ च्या ‘बायसिकल : द हिस्टरी’ या ग्रंथाचा मुख्य भर एकोणिसाव्या शतकातील युरोप-अमेरिकेवर, म्हणजे संशोधक, कारखानदार आणि शर्यतींवर आहे. वडिलांनी प्रत्येक घरात डोकावून विचारले होते : येथे कोण राहते, काय कमावते, काय देणे लागते? सायकलच्या बाबतीत हेच प्रश्न दूधवाल्याला, टपालवाल्याला, गिरणीच्या पाळीवर निघालेल्या कामगाराला विचारायला हवे होते. यंत्र कोणी घडवले यापेक्षा ते कोणाच्या दारात उभे राहिले आणि त्यासाठी किती महिन्यांचा पगार गेला, हा प्रश्न अधिक मोठा आहे. भारतापुरता तो डेव्हिड अर्नल्ड यांनी २०१३ च्या ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ या पुस्तकात हाती घेतला. सायकलबरोबर त्यांनी शिवणयंत्र, टंकलेखनयंत्र आणि भातगिरणी यांनाही इतिहासात जागा दिली.