ओठ हलवणारी मुले



स्नेहसंमेलनाची तालीम सुरू झाली की शाळेत एक वाक्य हमखास कानी येते : "तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस." हे वाक्य आमच्याही तोंडून गेलेले आहे. गेल्या वर्षी आठवीतल्या एका मुलाला आम्ही समूहगीतातून काढले. तीन वर्षे तो पहिल्या रांगेत गात होता. आवाज फुटू लागला, वरचा सा लागेना, तेव्हा त्याला पडदा ओढण्याचे काम दिले. ते त्याने चोख केले. पण पुढे प्रार्थनेलाही तो गप्प उभा राहू लागला. पालकसभेत त्याच्या आईने विचारले, "सर, आता घरीसुद्धा गुणगुणत नाही तो. त्याचं काय चुकलं?" तेव्हा आम्हाला उत्तर देता आले नाही. आज देतो : त्याचे काहीच चुकले नाही, आमचे चुकले.

बारा ते पंधरा या वयात मुलांच्या कंठातील स्वररज्जू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. हा दोष नव्हे, वाढ आहे. अशा वेळी मुलाला बाहेर काढायचे नसते, पट्टी बदलायची असते. काळी चारमध्ये न गाणारा मुलगा काळी एकमध्ये गाईल. तेही जमेना तर चार-पाच स्वरांत बसणारे गाणे द्यावे, किंवा खर्ज धरायला सांगावे. पण आपण एक पट्टी ठरवतो आणि त्यात न बसणाऱ्याला 'बेसूर' म्हणतो.

आपण ग्वाल्हेरकर. आपल्या गावाला 2023 मध्ये युनेस्कोने 'संगीतनगरी' म्हणून मान दिला. दर डिसेंबरात तानसेन समारोह येथे होतो. पण या गावाचा मोठेपणा केवळ मोठ्या गवयांमुळे नाही. 1918 मध्ये माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने आणि पंडित भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली येथे माधव संगीत महाविद्यालय निघाले, ते संगीत वर्गात बसून शिकता यावे म्हणून. ग्वाल्हेर गायकीचेच वारस पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांची दृष्टी लहानपणी फटाक्यांच्या अपघातात अधू झाली होती. त्यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि घराण्याबाहेरच्या सामान्य मुलांना गाणे शिकवले. ज्या गायकीने शंभर वर्षांपूर्वी दार उघडले, तिच्याच गावातल्या शाळेने ते पंधरा निवडक गळ्यांपुरते ठेवावे, हे शोभत नाही.

संगीत फक्त गळ्याचे नसते, हेही आम्ही विसरलो होतो. तीनतालाच्या सोळा मात्रांत पहिली, पाचवी आणि तेरावी टाळीची, नववी खालीची. टाळी आणि खाली हातानेच दाखवतात, म्हणजे ती डोळ्यांनी दिसते. ज्याला कमी ऐकू येते तो मुलगाही ठेका धरू शकतो. ढोलकीच्या लाकडावर तळवा ठेवला तर ठोका हाताला कळतो. अडखळत बोलणारी काही मुले गाताना अडखळत नाहीत, हे कित्येक शिक्षकांनी पाहिले असेल. 2016 च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने आणि 2020 च्या शिक्षण धोरणाने सर्वांना सामावून घेण्यास सांगितले आहेच. पण वर्गात शिक्षकाची नजर बदलल्याखेरीज कायदा तिथवर पोचत नाही.

म्हणून या सत्रापासून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. पाचवी ते आठवीच्या प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक संगीताचा तास मिळेल. तो परीक्षेच्या तयारीसाठी घेतला जाणार नाही. स्नेहसंमेलनात प्रत्येक वर्गाचे एक गीत होईल आणि त्यात वर्गातला प्रत्येक जण असेल : कोणी गाईल, कोणी ताल धरेल, कोणी झांज किंवा लेझीम घेईल. गीत मुले निवडतील. आजीची ओवी, भोंडल्याचे गाणे, शेजारच्या घरातले बुंदेली गीत, सारे चालेल. मूल्यमापन शेजारच्या मुलाशी तुलना करून नव्हे, तर गेल्या सत्रात त्याचे त्यालाच काय येत होते यावरून होईल.

काही विश्वस्तांची शंका रास्त आहे : "मग आंतरशालेय स्पर्धेची ढाल जाणार का?" स्पर्धेचा चमू निवडूनच पाठवू, त्यात दुमत नाही. पण पंधरांतून निवडण्यापेक्षा सगळ्या शाळेतून निवडले तर चमू कमजोर का होईल? आणि एखाद्या वर्षी ढाल गेलीच, तर कपाटातली एक जागा रिकामी राहील. प्रार्थनेला गप्प उभे राहणारे मूल त्याहून मोठे नुकसान आहे.

आम्ही स्वतः हिंदी माध्यमात शिकलो. मराठी आमच्यापर्यंत पोचली ती शाळेतून नव्हे, आईच्या भूपाळीतून आणि घरच्या आरत्यांतून. त्या आरत्यांत कोणी कोणाला "ओठ हलव" म्हणाले नाही. आजोबांचा घोगरा आवाज आणि धाकट्याची उलटसुलट टाळी दोन्ही चालत असत. म्हणूनच भाषाही टिकली.

पालकांना विनंती एवढीच : मूल घरी गाऊ लागले तर "अभ्यास कर" म्हणण्याआधी एक कडवे ऐकून घ्या. आणि घरात एखादी जुनी ढोलकी, झांज किंवा पेटी पडून असेल तर शाळेला द्या. त्या आईच्या मुलाला आम्ही खर्जाच्या रांगेत बोलावले आहे. अजून तो आलेला नाही. त्याची जागा आम्ही राखून ठेवली आहे.

— प्राचार्य